बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा

मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराचा चहा सुरू झाला की माझ्याभोवती तीन-चार मंडळी हमखास जमतात. आयुष्यभर या देशात संगणकाच्या देखभालीची नोकरी केली, त्याचा हा प्रसाद. कुणाचे पत्र लिहिता लिहिता प्रोग्रॅम आपोआप बंद होतो, कुणाचे फोटो उघडले की खिडकी नाहीशी होते, कुणाचा लॅपटॉप काल चालत होता आणि आज चालत नाही. गाऱ्हाणी निरनिराळी, पण शेवटचे वाक्य बहुतेक एकच असते : "मुलगा म्हणतो, तुम्हीच काहीतरी भलतेच दाबले असणार."

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष कसा शोधायचा, याचे शास्त्र आहे आणि त्या शास्त्राचा बराचसा इतिहास आपण राहतो त्या ब्रिटनमध्येच घडला आहे. ज्या देशाने हे शास्त्र जगाला शिकवले, त्याच देशात ते गुंडाळून ठेवल्यामुळे शेकडो निरपराध माणसे गुन्हेगार ठरली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. म्हणून वाचकहो, थोडे मागे जाऊ या.

केंब्रिजचा जिना

२१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठात एका यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम जगात प्रथमच चालवून दाखवला. टॉम किलबर्नने लिहिलेला तो प्रोग्रॅम ५२ मिनिटे चालला आणि उत्तर बरोबर आले. पण त्याआधीचे प्रयत्न फसले होते. किलबर्नचे वरिष्ठ फ्रेडी विल्यम्स यांनी पुढे सांगितले, की यंत्र चालत नव्हते याहून मोठी पंचाईत ही होती, की कुठे बिघडले आहे याचा मागमूसही ते देत नव्हते. आज आपला लॅपटॉप जसा मख्खपणे बघत राहतो, अगदी तसेच.

पुढच्याच वर्षी, ६ मे १९४९ रोजी, केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांचे एडसॅक नावाचे यंत्र सुरू झाले. त्यावर चालवण्यासाठी विल्क्स यांनी एक गणिती प्रोग्रॅम लिहिला. सव्वाशेच्या आसपास ओळी होत्या. त्याची कागदी पट्टी पुढे कित्येक वर्षांनी सापडली, तेव्हा अभ्यासकांना तीत वीसेक चुका आढळल्या. विल्क्स काही साधासुधा माणूस नव्हता. त्या काळात या विषयातले त्यांच्याइतके ज्ञान जगात फार थोड्यांना होते. त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे, की पट्टीला भोके पाडण्याच्या खोलीकडे जाताना जिन्याच्या वळणावर त्यांना एकाएकी जाणवले : उरलेल्या आयुष्याचा बराच काळ आता स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे.

मला या प्रसंगात महत्त्वाची वाटते ती त्यांची वृत्ती. चूक यंत्रात असेल, पट्टीत असेल किंवा आपल्या लिखाणात असेल, पण ती असणारच हे त्यांनी धरून चालले. प्रोग्रॅममध्ये चूक निघणे ही लाजेची गोष्ट राहिली नाही. ते रोजचे काम झाले आणि त्यासाठी पद्धत बसवावी लागली.

ती पद्धत बसवण्यात त्यांचा तरुण सहकारी स्टॅन्ली गिल याचा मोठा वाटा होता. एडसॅक थांबले की लोक यंत्रापुढे बसून एकेक पाऊल चालवून बघत. यंत्र एकच, वापरणारे अनेक, त्यामुळे हा वेळेचा अपव्यय परवडणारा नव्हता. मग एक युक्ती निघाली. प्रोग्रॅम मध्येच थांबला की दुसरा एक छोटा प्रोग्रॅम लावायचा. तो मृत प्रोग्रॅमच्या स्मृतीत त्या क्षणी काय काय होते ते छापून देई. त्याला नावच पडले 'पोस्टमॉर्टेम', म्हणजे शवविच्छेदन. दुसरी युक्ती म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच त्याने कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने पाळल्या, हे कागदावर उमटवत जायचे. १९५१ साली गिलने या पद्धतींवर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. संगणकाचे दोषशोधन म्हणून आज आपण जे काही करतो, त्याचे मूळ या दोन युक्त्यांत आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर आधी पंचनामा, मग आरोप.

डॉक्टर वॉटसन

घरोघरी विंडोज आली ती १९९०च्या सुमारास. प्रोग्रॅम 'क्रॅश' होतो म्हणजे नेमके काय होते, ते थोडक्यात सांगतो. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली खोली असते, तशी संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक प्रोग्रॅमला आपली जागा नेमून दिलेली असते. एखादा प्रोग्रॅम चुकून दुसऱ्याच्या खोलीचे कुलूप उघडू लागला, की प्रोसेसर शिट्टी वाजवतो आणि विंडोज त्या प्रोग्रॅमला तिथल्या तिथे बंद करते. बाकीची चाळ वाचावी म्हणून. १९९०च्या विंडोज ३.०मध्ये याला 'अनरिकव्हरेबल ॲप्लिकेशन एरर' म्हणत, १९९२च्या ३.१मध्ये 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट'. विंडोज ९५ने तर पडद्यावर जाहीरच करायला सुरुवात केली, की या प्रोग्रॅमने 'इल्लीगल ऑपरेशन' केले आहे! बेकायदा कृत्य प्रोग्रॅमने केलेले असे, पण वाचणाऱ्या गृहिणीला वाटे, आता दारात पोलीस येणार.

मात्र त्याच विंडोजमध्ये एक उपयोगी गृहस्थ मुक्कामाला होते. त्यांचे नाव डॉक्टर वॉटसन. होय, बेकर स्ट्रीटचेच, शेरलॉक होम्सचे १८८७ सालापासूनचे सोबती. प्रोग्रॅम कोसळला की डॉक्टर वॉटसन तारीख, वेळ, प्रोग्रॅमचे नाव आणि तो कोणत्या ठिकाणी अडखळला हे एका फाइलमध्ये लिहून ठेवत. नाव फार समर्पक होते. होम्स तर्क करतो, पण टिपणे ठेवतो तो वॉटसन. टिपणेच नसती तर होम्सची कीर्ती आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

२००१च्या विंडोज एक्सपीपासून हे टिपण, तुमची परवानगी असेल तर, कंपनीकडे पाठवण्याची सोय झाली. जगभरच्या घरांतून अशी टिपणे जमा झाली, तेव्हा एक मजेदार गोष्ट दिसली. २००२ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ती जाहीर केली. सुमारे २० टक्के दोष ८० टक्के त्रासाला कारण होते, आणि केवळ १ टक्का दोषांमुळे निम्मा त्रास होत होता. याचा अर्थ असा, की आपल्या घरात एकट्यालाच छळते असे वाटणारे दुखणे बहुधा हजारो घरांत चालू असते. फक्त त्या घरांना एकमेकांची खबर नसते.

डॉक्टर वॉटसन विंडोज व्हिस्टापासून निवृत्त झाले, पण त्यांची वही शिल्लक आहे. तुमच्या लॅपटॉपच्या शोधपेटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असा पर्याय येईल. तो उघडला की दिवसांचा तक्ता दिसतो, आणि ज्या दिवशी काही कोसळले तिथे लाल फुली असते. फुलीवर दाबून तपशील उघडला की दोन नावे सापडतात : कोणता प्रोग्रॅम पडला आणि पडताना त्यातला कोणता भाग चालू होता. यातले दुसरे नाव महत्त्वाचे.

आमच्या एका काकांचे उदाहरण देतो. त्यांचा पत्रे लिहिण्याचा प्रोग्रॅम दर दोन-तीन दिवसांनी बंद पडे. घरच्यांचे निदान झालेले होते : काकांची बोटे जाड, दोन कळा एकदम दाबल्या जातात. त्यांच्या तक्त्यात सहा लाल फुल्या होत्या आणि सहाही ठिकाणी दुसरे नाव एकच होते. ते पत्राच्या प्रोग्रॅमचे नव्हतेच, ते होते प्रिंटरच्या ड्रायव्हरचे. पत्राचा प्रोग्रॅम पानाची मापे विचारायला प्रिंटरच्या ड्रायव्हरला हाक मारी, आणि तो जुनाट ड्रायव्हर भलत्याच खोलीत शिरे. नवा ड्रायव्हर बसवला, दुखणे गेले. काकांची बोटे आहेत तेवढीच जाड आहेत.

एक नियम लक्षात ठेवावा. प्रत्येक वेळी तेच नाव आले तर संशय त्या प्रोग्रॅमवर किंवा ड्रायव्हरवर. तो अद्ययावत करावा, नाहीतर काढून पुन्हा बसवावा. प्रत्येक वेळी निराळा प्रोग्रॅम आणि निराळे नाव आले, तर संशय स्मृतीच्या चिपवर, डिस्कवर, उष्णतेवर किंवा विंडोजच्या बिघडलेल्या फाइलींवर. स्मृती तपासायला 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' विंडोजमध्येच आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार औषधे एकदम घेतली तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पोस्टाचे काउंटर

आता या इतिहासाच्या काळ्या पानाकडे येतो. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९पासून देशभरच्या शाखांत 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवली. ती आयसीएल या कंपनीने तयार केली होती आणि आयसीएल तोवर जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली होती. काउंटरवरची यंत्रे चालत विंडोज एनटीवर, म्हणजे ज्या जातकुळीत डॉक्टर वॉटसन नांदत होते त्याच जातकुळीवर. बहुतेक शाखा सबपोस्टमास्तर चालवत. पुढे दुकान, कोपऱ्यात पोस्ट. त्यांत आपल्या उपखंडातून आलेली कुटुंबेही पुष्कळ. हिशेबात तूट आली तर ती त्यांनी पदरची भरायची, असे पोस्ट धरून चाले.

तूट येऊ लागली. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना उत्तर मिळे, असे फक्त तुमच्याकडेच होते आहे. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदतीसाठी ९१ फोन केले. शेवटी पोस्टाने त्यांच्यावर सुमारे २५,००० पौंडांचा दिवाणी दावा लावला. २००७ साली ते हरले आणि ३,२१,००० पौंडांच्या खर्चाखाली दिवाळखोर झाले.

प्रणालीत दोष होते का? होते, आणि त्यांचे पुरावेही होते. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जाणारा दोष घ्या. शाखेतल्या प्रत्येक काउंटरच्या यंत्रात हिशेबाची प्रत असे आणि ती यंत्रे एकमेकांना खबर देत. मध्येच एक अंतर्गत कुलूप अडकून बसे. मग एका काउंटरवर घेतलेली रक्कम दुसऱ्या काउंटरला दिसतच नसे, तिथेही ती पुन्हा घेतली जाई आणि रक्कम दुप्पट होई. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की कुलूप सुटे, तूट मात्र राही. कुलूप अडकल्याची नोंद विंडोजच्या नोंदवहीत त्या त्या वेळी होत होती. पुढे न्यायालयापुढे आलेल्या कागदांत फुजित्सूच्याच तंत्रज्ञाची २००६ सालची टीप सापडली : हा त्रास वर्षानुवर्षे आहे आणि बहुतेक आठवड्यांत अनेक शाखांना होतो.

पंचनामा होता, पण तो आरोपीच्या हाती नव्हता. वही कंपनीच्या कपाटात होती आणि आरोप काउंटरमागच्या माणसावर.

सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांच्यावर ७४,००० पौंडांहून अधिक रकमेच्या चोरीचा खटला झाला. ऑक्टोबर २०१०मध्ये गिलफर्डच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने कॅलेंडर स्क्वेअरच्या दोषाचा मुद्दा मांडला गेला, पण ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. १५ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्याच सुमारास पोस्ट आणि फुजित्सू यांच्यात आणखी एका नव्या दोषावर चर्चा चालू होती. तो साठेक शाखांत आढळला होता. त्या चर्चेच्या टिपणात अशी धास्ती व्यक्त झाली होती, की हे बाहेर कळले तर चालू खटल्यांवर परिणाम होईल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपण लहानपणी शिकलो. तिचे इतके शब्दशः उदाहरण पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

याला कायद्याचाही हातभार लागला. १९८४च्या पोलीस आणि फौजदारी पुराव्याच्या कायद्यात कलम ६९ होते. संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवून द्यायचे. हे कलम फार जाचक आहे म्हणून १९९९च्या कायद्याने ते रद्द झाले आणि एप्रिल २०००पासून उलटे गृहीतक लागू झाले : विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंत संगणक बरोबरच. नेमक्या त्याच महिन्यांत होरायझन देशभर बसवले जात होते. विल्क्स यांनी केंब्रिजच्या जिन्यावर जे ओळखले, त्याच्या अगदी उलट गृहीतक पन्नास वर्षांनी कायद्यात आले. दोष दाखवायचा भार आता अशा माणसावर पडला, ज्याला नोंदवही बघण्याची परवानगीच नव्हती.

ही कोंडी फुटली ती मात्र जुन्याच पद्धतीने. लॅन्डिड्नोजवळच्या क्रेग-ई-डॉनचे सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स यांनी न पटणारी तूट भरायला नकार दिला, फोनांची आणि पत्रांची नोंद ठेवली आणि २००३ साली पोस्ट गमावले. मे २००९मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या साप्ताहिकाने अशा सात जणांच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉरिकशरमधल्या फेनी कॉम्प्टन गावच्या सभागृहात ही मंडळी एकत्र जमली. आपण एकटे आहोत अशी समजूत घेऊन आलेल्या माणसांना आपल्यासारखी कितीतरी माणसे समोर दिसली. मायक्रोसॉफ्टला लाखो टिपणांतून जे दिसले, ते या मंडळींना गावच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेले दिसले.

पुढे ५५५ जणांनी दावा लावला. कंपनीची ज्ञात दोषांची नोंदवही मिळवायलाही न्यायालयात झगडावे लागले. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, की होरायझनमधल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तूट येऊ शकत होती आणि तशी ती आलीही होती. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. त्यात सीमा मिश्रा होत्या. जानेवारी २०२४मध्ये आयटीव्हीच्या मालिकेने देश हलला आणि मे २०२४मध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड जुलै २०२५मध्ये आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीव दिला असण्याची शक्यता त्यात नोंदली आहे. पुसलेली शिक्षा त्यांच्या उपयोगाची नाही.

एण्टरची कळ

या निकालातला एक दोष मी मुद्दाम सर्वांना सांगतो, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या बोटाखाली असतो. ऑक्टोबर २०१५मध्ये एअरशरमधल्या डाल्मेलिंग्टनला एका शाखेत ८,००० पौंडांची रोकड जमा करून घेताना कर्मचाऱ्याने एण्टर दाबले. पडदा हलला नाही. म्हणून पुन्हा दाबले. पडदा हलत नसला तरी दर वेळी ८,००० पौंड मांडले जात होते. आत आलेली रोकड एकदाचीच, वहीत चार वेळची, आणि तूट २४,००० पौंडांची. तपास केला तेव्हा २०१०पासून ८८ शाखांत असे ११२ प्रकार सापडले. ८८ ठिकाणी ८८ माणसांनी 'काहीतरी भलतेच दाबले' असे म्हणता येईल. पण पडदा गोठल्यावर माणूस कळ पुन्हा दाबणारच, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते.

याच्याशेजारी १९ जुलै २०२४चा दिवस ठेवून पाहा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकदम कोसळली. आपल्याकडे जीपींच्या दवाखान्यांतली नोंदणी अडली, स्काय न्यूजचे प्रक्षेपण थांबले. त्या दिवशी कुणी कुणाला म्हणाले नाही, की तुम्ही काय दाबलेत? सगळ्यांचे एकाच दिवशी पडले म्हणून दोष लवकर सापडला. होरायझनचे बळी निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या बुधवारी पडले. एवढाच फरक.

जानेवारी २०२५मध्ये न्याय मंत्रालयाने संगणकी पुराव्याच्या त्या गृहीतकाबद्दल लोकांची मते मागवली. कायदा कधी आणि कसा बदलेल ते वकील सांगतील. तोवर आपल्या हाती असलेले काम साधे आहे. लॅपटॉपशेजारी एक वही ठेवा. प्रोग्रॅम बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालले होते आणि पडद्यावर कोणते शब्द आले ते लिहा. शक्य तर पडद्याचा फोटो घ्या. बँकेच्या, पेन्शनच्या किंवा करभरण्याच्या कामात असे झाले तर पैसे गेले की नाही हे पाहिल्याशिवाय कळ दुसऱ्यांदा दाबू नका. फोन केला तर कुणाशी, किती वाजता बोललात तेही टिपा. आणि समोरचा म्हणाला, की असे फक्त तुमच्याकडेच होते, तर न रागावता विचारा : हे तुम्हाला कोणत्या नोंदीवरून कळले?